सीमेची राखण : योजना आणि देखरेख

भूगोलाच्या वर्गात आपण भारताचा नकाशा काढतो, तेव्हा देशाची सीमा पेन्सिलीच्या एका रेघेत पुरी होते. प्रत्यक्षात आपल्या भूसीमेची लांबी सुमारे १५,१०६ किलोमीटर आहे. बांगला देशाशी ४,०९६, चीनशी ३,४८८, पाकिस्तानशी ३,३२३, नेपाळशी १,७५१, म्यानमारशी १,६४३, भूतानशी ६९९ आणि अफगाणिस्तानशी १०६ किलोमीटर, अशी ती सात शेजाऱ्यांना लागून गेली आहे. कच्छात ती खाऱ्या दलदलीतून जाते, राजस्थानात सरकत्या वाळूतून, पंजाबात डोलत्या शेतांतून, तर हिमालयात बर्फाच्छादित शिखरांवरून. आसामातील धुबडीजवळ तर ब्रह्मपुत्रेच्या अफाट पात्रात कुंपण घालणेच अशक्य. तेथे २०१९ साली सुमारे ६१ किलोमीटरच्या टापूत विद्युत्‌-यंत्रांची व कॅमेऱ्यांची पहारा-व्यवस्था सुरू करण्यात आली.

अशा सीमेवर जागता पहारा देणारा जवान आपणां सर्वांच्या आदरास पात्र आहे. परंतु त्याला तेथे कोणत्या योजनेनुसार उभे केले जाते, त्याच्यापर्यंत रस्ता कोण पोहोचवतो, आणि ठरलेले काम पुरे झाले की नाही हे कोण पाहतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात तोच करावयाचा आहे.

बडोद्यास राहणाऱ्या आपणांस या कथेचा आरंभ आपल्याच राज्यातून करता येईल. ९ एप्रिल १९६५ रोजी पहाटेच्या अंधारात पाकिस्तानी सेनेने कच्छच्या रणातील सरदार चौकीवर हल्ला केला. चौकीवर सेना नव्हती. केंद्रीय राखीव पोलिस दलाचे मूठभर जवान होते. त्यांनी तो हल्ला कित्येक तास रोखून धरला. त्यांच्या शौर्याविषयी दुमत नाही. पण त्या प्रसंगाने व्यवस्थेतील उणीव उघडी पडली. पाकिस्तानलगतची सीमा तोवर मुख्यतः त्या त्या राज्याच्या सशस्त्र पोलिसांकडे होती. प्रत्येक राज्याची शिस्त निराळी, साधने निराळी, आणि सूत्रे एका हाती नाहीत. यातूनच १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दलाची स्थापना झाली. त्याचे पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी हे नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले.

पुढचा मोठा धडा १९९९ च्या कारगिल युद्धाने दिला. शत्रू शिखरांवर ठाण मांडून बसला, तरी आपणांस वेळीच कळले नाही. असे का झाले, याची चौकशी के. सुब्रह्मण्यम् यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. तिच्या अहवालानंतर सरकारने २००० साली मंत्रिगट नेमला आणि त्याच्या साहाय्यासाठी चार कार्यदले नेमण्यात आली. त्यांपैकी सीमा-व्यवस्थापनाविषयीच्या कार्यदलाचे प्रमुख होते माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले.

मंत्रिगटाने २००१ साली जे तत्त्व पुढे मांडले, ते ऐकण्यास अगदी साधे आहे : एका सीमेवर एकच दल. एका कोठाराच्या किल्ल्या तिघांकडे असल्या आणि धान्य चोरीस गेले, तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. किल्ली एकाकडेच असेल, तर जाब कोणाला विचारावयाचा हे ठरलेले असते. या तत्त्वानुसार पाकिस्तान व बांगला देश यांच्या सीमा सीमा सुरक्षा दलाकडे, चीनची भारत-तिबेट सीमा पोलिस दलाकडे, नेपाळ व भूतान यांच्या खुल्या सीमा सशस्त्र सीमा बलाकडे आणि म्यानमारची सीमा आसाम रायफल्सकडे आहे. काश्मीरमधील नियंत्रण रेषेची मुख्य जबाबदारी मात्र सेनेची. कुंपण, दिवे, रस्ते व चौक्या यांची आखणी एका जागी व्हावी म्हणून २००४ साली केंद्रीय गृहमंत्रालयात सीमा-व्यवस्थापनाचा स्वतंत्र विभागही निर्माण करण्यात आला.

परंतु योजना कागदावर उतरली म्हणजे काम झाले, असे नव्हे. यासाठीच देखरेखीची आवश्यकता असते. सीमेवरील खर्चाला संसद मंजुरी देते. गृहखात्याची संसदीय समिती अधिकाऱ्यांना बोलावून प्रश्न विचारते. आणि नियंत्रक व महालेखापरीक्षक हिशेब व काम दोन्ही तपासतात. याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. चीनच्या सीमेलगत ६१ रस्ते २०१२ पर्यंत बांधून व्हावयाचे होते. महालेखापरीक्षकांनी २०१७ साली संसदेपुढे आलेल्या अहवालात दाखवून दिले की, त्या मुदतीत केवळ १५ रस्ते पुरे झाले आणि मार्च २०१६ पर्यंत ही संख्या २२ वरच पोहोचली होती. मूळ अंदाजातील बहुतेक रक्कम मात्र तोवर खर्ची पडली होती. तयार झालेल्या काही रस्त्यांची बांधणीही सेनेच्या जड वाहनांना सोयीची नव्हती.

हे वाचून मन खिन्न होते. तथापि असा अहवाल उघडपणे छापला जातो, यातच लोकशाहीचे बळ आहे. रस्ता अपुरा राहिला, तर त्याची किंमत कचेरीत बसलेल्या माणसाला मोजावी लागत नाही. ती पाठीवर ओझे घेऊन दोन-दोन दिवस डोंगर चढणाऱ्या जवानाला मोजावी लागते. त्याच्या वतीने प्रश्न विचारणारा कोणीतरी असलाच पाहिजे.

सीमेवर जवानाखेरीज आणखीही कोणी राहते, हे विसरून चालणार नाही. पंजाबात तारेचे कुंपण सीमारेषेच्या काहीसे अलीकडे आहे. त्यामुळे हजारो एकर शेते कुंपणापलीकडे गेली आहेत. तेथील शेतकऱ्याला ओळखपत्र दाखवून, ठराविक वेळीच फाटकातून आपल्याच शेतात जावे लागते. माणूस आड लपेल अशी उंच पिकेही त्याला तेथे घेता येत नाहीत. देशाच्या रक्षणासाठी तो रोज जो भार उचलतो, त्याची दखल योजनेत असावयास हवी. हिमालयातील अडचण याच्या उलट. शाळा, दवाखाना, रोजगार नाही म्हणून सीमेवरील गावे ओस पडू लागतात. आणि गाव ओस पडले की परका माणूस आला हे सांगणारे डोळेही नाहीसे होतात. हे ध्यानी घेऊनच २०२३ साली उत्तरेकडील सीमेवरच्या गावांसाठी ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ ही योजना हाती घेण्यात आली.

आता मागे वळून पाहा. भारत-तिबेट सीमा पोलिस दल उभे राहिले २४ ऑक्टोबर १९६२ रोजी, म्हणजे चीनचे आक्रमण सुरू झाल्यावर चार दिवसांनी. सीमा सुरक्षा दल आले कच्छच्या हल्ल्यानंतर. एका सीमेवर एक दल हे तत्त्व ठरले कारगिलनंतर. प्रत्येक वेळी ठेच आधी लागली आणि शहाणपण मागून आले. प्रत्येक ठेचेत कोणाच्या तरी घरचा मुलगा गेला. पुढचे शहाणपण ठेच लागण्यापूर्वीच यावे, एवढ्याचसाठी योजना आखावयाची आणि एवढ्याचसाठी तिच्यावर देखरेख ठेवावयाची. आज वर्गात नकाशा काढणाऱ्या तुमच्यापैकी कोणी उद्या सीमेवर उभा राहील, कोणी तेथला रस्ता बांधील, तर कोणी त्या रस्त्याचा हिशेब तपासील. ही तिन्ही कामे सीमेच्या राखणीचीच आहेत.