पाठ केलेली इंग्रजी आणि बोलली जाणारी इंग्रजी

घाटकोपरच्या एका वस्तीत, विहारात, रविवारी सकाळी आम्ही इंग्रजीचा वर्ग घेतो. त्या वर्गातला एक मुलगा अंधेरीच्या एका कचेरीत मुलाखतीला गेला. साहेबाने विचारले, 'व्हॉट ब्रिंग्ज यू हिअर?' मुलगा म्हणाला, 'मेट्रो.' समोरची तिघे हसली. मुलगा बी. कॉम. आहे, व्याकरणाचे पुस्तक त्याने दोनदा सोडवले आहे. प्रश्नातला एकही शब्द त्याला अनोळखी नव्हता. घाटकोपरहून अंधेरीला त्याला मेट्रोनेच आणले होते, तेव्हा उत्तरही खोटे नव्हते. परंतु 'ही नोकरी तुम्हाला का हवी?' असा तो प्रश्न आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

शब्द पुस्तकातून मिळतात, वाक्प्रचार सहवासातून मिळतात. आणि कोणाला कोणाचा सहवास मिळावा हे या देशात जातीने ठरवले. पांढरपेशाच्या मुलाला जे जेवताना कानावर पडते, ते आपल्या मुलाला पंचविसाव्या वर्षी परक्या खुर्चीसमोर बसून प्रथम ऐकावे लागते. त्या फरकाला हुशारी म्हणणे म्हणजे घराण्याला गुण देणे होय. इंग्रजी हवी की नको, हा वाद आपल्यापुरता जुना झाला. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ साली इंग्रजीतच लिहिले. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. पण शाळा धड्याखालच्या प्रश्नांची इंग्रजी शिकवते. माणसामाणसांत चालणारी इंग्रजी बाहेरच राहते.

ती कोठून सुरू करावी? भारदस्त म्हणींपासून नव्हे, हे आम्ही चुकूनमाकून शिकलो. खरी अडचण लहान क्रियापदांची आहे. 'पुट' म्हणजे ठेवणे, हे पाचवीतले पोरही सांगते. पण 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे, 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे, 'पुट डाउन' म्हणजे पाणउतारा करणे. वर्गात आम्ही हे तिन्ही एकाच गोष्टीत सांगतो: वस्तीचा पाण्याचा अर्ज 'पुट ऑफ' होतो, आपण 'पुट अप विथ' करतो, आणि जाब विचारला की 'पुट डाउन' होतो. मुले हसतात आणि विसरत नाहीत. 'लुक इन्टू' तर कार्यकर्त्याने पाठच करावे. 'द मॅटर विल बी लुक्ड इन्टू' असे पत्र आले तर काम झाले असे नव्हे. कोणी, केव्हापर्यंत, हे विचारायला लगेच पुन्हा जावे.

कित्येक शब्द तर आपल्या घरात आधीच आहेत. सफाई खात्यातला बाप रोज मस्टरवर सही करतो. मस्टर म्हणजे मुळात सैन्याची हजेरी. त्या तपासणीतून जो निभावला तो 'पासेस मस्टर', म्हणजे कसोटीस उतरला. 'बॅकलॉग भरा' ही मागणी आपण इतकी वर्षे करीत आलो. बॅकलॉग म्हणजे चुलाण्याच्या मागच्या बाजूस ठेवायचा जाड ओंडका. साठून राहिलेले काम हा अर्थ मागाहून आला.

इंग्रजीवर मात्र आंधळी भक्ती नको. जगाने वाळीत टाकलेल्या माणसाला किंवा राष्ट्राला इंग्रजी वर्तमानपत्र सहज 'पराया' म्हणते. हिंदीतल्या परक्याशी त्याचा संबंध नाही. तमिळनाडूतल्या परैयर या अस्पृश्य जातीचे ते नाव आहे, आणि ते 'परै' या ढोलावरून आले असे मानतात. इंग्रजांनी इथे बहिष्कृत माणूस पाहिला आणि त्याची जातच शब्दकोशात नेऊन ठेवली. मराठी म्हणींत आपल्या जाती कशा नांदतात हे तर तुम्हाला सांगायला नको. आम्ही वर्गात 'पराया' शिकवतो, त्याच्या जन्मासकट.

आता वर्गात याद्या पाठ करणे बंद केले आहे. प्रत्येकाची एक वही असते. त्यात वाक्य, ते कोण कोणाला म्हणाले आणि पुढे काय झाले, एवढेच लिहायचे. अंधेरीला गेलेल्या त्या मुलाच्या वहीतली ताजी नोंद अशी आहे: 'वी विल गेट बॅक टू यू. साहेब मला म्हणाले. सहा आठवडे झाले.'