खापरखवल्याची शेपटी

पहिला पाऊस मुरला की पेण-रोह्याच्या डोंगराकडच्या गावांत आरोळी उठते, 'दुतोंड्या निघाला!' लगेच काठी येते. तो कधी मांडूळ असतो, कधी खापरखवल्या. फूटभराहून क्वचितच लांब, काळपट, चकाकत्या खवल्यांचा हा दुसरा साप फारसा कुणाच्या ओळखीचा नाही.

गैरसमज : त्याला दोन तोंडं असतात. सहा महिने एकीकडून चालतो, सहा महिने दुसरीकडून.

वस्तुस्थिती : तोंड एकच. ते इतकं निमुळतं, की लोक त्यालाच शेपूट समजतात. खरी शेपटी आखूड, तिरकी छाटल्यासारखी, वरून खरखरीत. तिला माती चिकटून बसते आणि साप बिळात पुढे सरकला की हेच बूच मागची वाट बंद करतं. पाठलाग करणाऱ्याच्या पुढ्यात येतं ते हे टणक टोक. नाजूक डोकं दूर मातीत असतं. मला तर यात दुसऱ्या तोंडापेक्षा जास्त नवल वाटतं.

गैरसमज : विषारी आहे, घोणशीचं पिल्लू असावं.

वस्तुस्थिती : पूर्ण बिनविषारी. खाणं मुख्यतः गांडुळांचं. तरी ओळख पटवायला हात लावू नये. कोकणात फुरसंही आहे.

गैरसमज : पावसात अंडी फुटून हे साप वर येतात.

वस्तुस्थिती : खापरखवल्या अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतो. पावसात बिळं पाण्याने भरतात, म्हणून तो वर दिसतो. पेणच्या खारभूमीत किंवा मिठागरांत त्याला शोधू नये. कुजलेल्या पाल्याची, ओल धरणारी भुसभुशीत माती, म्हणजे सह्याद्रीचे झाडीभरले उतार, हे त्याचं घर. याच्या कुळात पन्नासहून अधिक जाती आहेत आणि भारतीय द्वीपकल्प व श्रीलंका सोडून त्या कुठेच नाहीत. त्यांतल्या एकीचं वर्णन मेसन यांनी 1888 साली केलं आणि तिला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव फिप्सन यांचं नाव दिलं. फिप्सन यांचा मूळ व्यवसाय मद्यविक्रीचा!

गैरसमज : हाच मांडूळ, विकला तर लाखो रुपये मिळतील, गुप्तधनही सापडेल.

वस्तुस्थिती : मांडूळ वेगळा. तो जाडजूड, बराच लांब, उंदरांवर जगणारा, कोरड्या रेताड मातीत रमणारा. गुप्तधन त्याने आजवर कुणाला दाखवलेलं नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार त्याला पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. तरीही तस्करी चालते, आणि नगाची किंमत वजनावर ठरते. तिथे बोटभर जाडीच्या खापरखवल्याला कोण विचारणार?