खुर्ची खराब झालीय की फक्त मळलीय?

2020 च्या लॉकडाउनमध्ये घरोघरी ऑफिस चेअर आली आणि ऑफिस पुन्हा सुरू झाल्यावरही ती कुठे गेली नाही. आमच्याकडे दिवसा तिच्यावर बसून मी काम करते, संध्याकाळी भाऊ अभ्यास करतो आणि रात्री वाळलेले कपडे तिच्यावरच विसावतात. घरातला टीव्ही, कपाट, अगदी स्विचबोर्डही पुसला जातो, पण या खुर्चीच्या वाट्याला फडकं क्वचितच येतं.

मागच्या पावसाळ्यात ती अडकायला लागली. एक चाक फिरेना आणि बसलं की कुरकुर सुरू. मी लगेच ऑनलाइन नव्या खुर्च्या बघायला लागले, पण मनासारखी एकही बजेटमध्ये बसेना. बाबांनी मात्र जुनी चादर अंथरली, खुर्ची तिच्यावर उलटी ठेवली आणि चाकातून केसांचा हा एवढा गुंता काढला. केस अर्थातच माझे!

केस आणि दोरे चाकाच्या दांड्याभोवती घट्ट गुंडाळले जातात आणि चाक फिरायचं थांबतं. बहुतेक खुर्च्यांची चाकं नुसती दाबून बसवलेली असतात, सरळ ओढली की निघतात. काहींना आटे असतात, ती फिरवून काढावी लागतात, म्हणून जोर लावण्याआधी नीट बघा. छोट्या कात्रीने गुंता कापा, चिमट्याने ओढून काढा, चाक ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. मग दांड्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब पुरे. खोबरेल तेल मात्र नको, ते थंडीत गोठतं आणि त्याला धूळही चिकटते.

चाक फुटलंच असेल तर खुर्ची बदलायची गरज नाही, चाकांचा सेट वेगळा मिळतो. जुनं चाक दुकानात सोबत न्या, म्हणजे दांड्याचं माप चुकणार नाही. टाइल्सवर कडक प्लास्टिकच्या चाकांपेक्षा मऊ, रबरासारखी चाकं बरी. आवाज कमी होतो आणि फरशीवर चरेही पडत नाहीत.

पाणी नको, फेस हवा

कापडी सीट धुताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे भरपूर पाणी. कापडाखालचा फोम ते शोषून घेतो आणि दमट हवेत दिवसेंदिवस वाळत नाही. मग कुबट वास येतो, बुरशीही धरते. आधी व्हॅक्युम क्लीनरने किंवा कोरड्या ब्रशने धूळ काढा. मग सौम्य लिक्विड सोप पाण्यात घुसळून फक्त वरचा फेस घ्या, मऊ ब्रशने फिरवा आणि ओल्या फडक्याने टिपून घ्या. त्यानंतर खुर्ची पंख्याखाली ठेवा. घामाचा वास येत असेल तर सीट वाळल्यावर थोडा बेकिंग सोडा भुरभुरवा आणि काही तासांनी व्हॅक्युमने काढा. जाळीच्या पाठीला हेच साबणाचं पाणी चालतं, आतली धूळ जुन्या टूथब्रशने निघते.

रेक्झिनच्या खुर्चीवर सॅनिटायझर चोळायची सवय लागली असेल तर ती सोडा. अल्कोहोलने वरचा थर कोरडा पडतो आणि तडकतो. एकदा पापुद्रे सुटायला लागले की कुठलंही पॉलिश उपयोगाचं नाही, कव्हर घाला किंवा सीट नव्याने मढवून घ्या.

कुरकुर मात्र बहुतेक वेळा सैल बोल्टची असते. खुर्चीसोबत आलेली ती एल आकाराची चावी आठवतेय? (आमची सापडली कात्र्यांच्या डब्यात.) दोन-तीन महिन्यांनी सीटखालचे आणि हातांचे बोल्ट आवळा. फार ताकद लावू नका, आतले आटे गेले तर बोल्ट धरतच नाही.

इथे हात लावू नका

बसल्यावर खुर्ची हळूहळू आपोआप खाली जात असेल, तर मधला गॅस सिलिंडर गेला आहे. त्यात दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. तो उघडणं, त्याला भोक पाडणं किंवा तापवणं जिवावर बेतू शकतं. त्यात नव्याने गॅस भरण्याच्या फंदातही पडू नका. अख्खा सिलिंडर बदलून मिळतो, ते काम कारागिराकडून करून घ्या. खालच्या पाच पायांपैकी एकालाही तडा दिसला तर त्या दिवसापासून खुर्चीवर बसणं बंद.

आणि माळ्यावरचा डबा काढायला या खुर्चीवर चढणं? आमच्या आईने ते दिवाळीच्या सफाईत केलं. चाकं सरकली, कपाटाचं दार हाताला लागलं म्हणून ती वाचली. बाबांनी चाकं इतकी गुळगुळीत केली होती, हा तिचा आरोप अजून कायम आहे. माळ्याखाली आता एक लाकडी स्टूल ठेवलंय.