दिवा पेटलाय का?

सकाळी ६.४०

चहा उतू जायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली. शिरूरच्या एका पतसंस्थेतले शिपाईकाका. शाखा दहाला उघडते, पण झाडलोट करतानाच ते सगळे संगणक चालू करून ठेवतात.

"सर, तुमच्या लिनक्सचं नेट गेलंय बघा."

'तुमच्या'वर जोर. हे आता अंगवळणी पडलंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे अपडेट यायचे थांबले. जुन्या यंत्रांवर ११ चढेना आणि नवी यंत्रं घ्यायला संस्थांकडे पैसा नाही, म्हणून शिरूर आणि दौंड तालुक्यांत मी चाळीसेक संगणकांवर लिनक्स मिंट टाकून दिलं. तेव्हापासून वायर तुटो, राउटर जळो की लाइट जावो, खापर फुटतं लिनक्सवर. नवी सून आली आणि त्याच आठवड्यात म्हैस आटली की पायगुण कुणाचा, हे विचारावं लागत नाही.

"काका, संगणकाच्या मागं वाका. निळी वायर जिथं घुसते तिथं बारका दिवा असतो. पेटलाय का?"

"मागं अंधार हाये, सर."

"मग पेटलेला असला तर दिसेलच की."

कपाट सरकल्याचा आवाज, एक शिंक, मग उत्तर. "न्हाय. काळं हाये."

काम निम्मं झालं. दिवसभरात चार ठिकाणी जायचं असताना ही माहिती लाखमोलाची, कारण दिवाच नाही म्हणजे बहुतेक वेळा लिनक्सपर्यंत गोष्ट पोचलेलीच नसते.

सकाळी ८.१५

पिशवी भरतो. क्रिम्पिंग टूल, कनेक्टरची डबी, लॅन टेस्टर, टॉर्च, मिंटचा पेन ड्राइव्ह, युएसबीला लागणारं जास्तीचं लॅन कार्ड. आणि पाच मीटरची एक पिवळी वायर. ती मी कुणाला देत नाही, विकत नाही, कुठे विसरत नाही. तिच्याबद्दल मला एकच गोष्ट माहीत आहे: ती चालते. बिघाड शोधताना हातात एक तरी खात्रीची वस्तू लागते, नाहीतर दोन संशयित एकमेकांकडे बोट दाखवतात आणि आपण मधे.

सकाळी ९.१०

पतसंस्था. काकांनी चहा सांगितलाय. मी आधी पडद्यासमोर बसत नाही, गुडघ्यावर बसतो. संगणकाकडचा दिवा बंद, भिंतीवरच्या स्विचमधला त्याच वायरीचा दिवाही बंद. मग टर्मिनल उघडून 'आयपी लिंक' मारलं. कार्डाच्या ओळीत 'नो-कॅरिअर'. लिनक्स किती स्वच्छ बोलतं ते इथं दिसतं. कार्ड आहे, ड्रायव्हर आहे, कार्ड जागं आहे. पलीकडून कुणी 'ओ' देत नाही. विंडोजवर याच जागी एक लाल फुली आणि 'समस्या शोधू का?' असा प्रश्न यायचा, आणि शोधून काही सापडायचं नाही.

पिवळी वायर लावली. तीन सेकंदांत हिरवा दिवा पेटला, नारिंगी लुकलुकायला लागला. मग जुनी वायर टेस्टरला. आठातले तीन दिवे गायब.

वायरीच्या मागं मागं गेलो. दिवाळीच्या साफसफाईत लोखंडी कपाट वीतभर सरकवलं होतं आणि त्याचा एक पाय बरोबर वायरीवर. आतली सगळी रोख, सगळे दस्तऐवज त्या पायाने महिनाभर वायरीवर तोलून धरले होते. कपाटाच्या अलीकडे भरपूर वायर गुंडाळून ठेवलेली, म्हणून चेपलेला तुकडा कापून टाकला आणि नवीन डोकं बसवलं.

डोकं बसवणं हे माझं आवडतं काम. वरचं साल बोटाच्या पेराएवढं सोलायचं, चार जोड्या उलगडायच्या आणि ओळीत लावायच्या: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. अंगठ्याखाली दाबून सरळ केल्या की एकदम कापायच्या, म्हणजे आठही टोकं एका रेषेत येतात. कनेक्टरमध्ये सारल्यावर पुढच्या काचेतून तांब्याचे आठ ठिपके दिसले पाहिजेत. सात दिसले तर काढून पुन्हा. मग टूल दाबायचं. तो 'कट्' आवाज नीट झाला की हाताला कळतं.

काकांनी विचारलं, "मग लिनक्सचं काय?"

"लिनक्स बरं आहे. कपाटाला सांगा."

सकाळी ११.२०

न्हावरा. शाळेची संगणक खोली, बारा यंत्रं, सगळ्यांवर मिंट. तक्रार अशी की खिडकीकडच्या यंत्राचं नेट 'येतं पण रांगतं'. संगणकाच्या सरांनी सांगितलं, "वायर आमच्या दहावीच्या पोरांनी केलीय. टेस्टरवर आठही दिवे लागतात, मी स्वतः पाहिलं." मीही लावून पाहिलं. आठच्या आठ, ओळीने, शिस्तीत.

इथे घाई केली असती तर मीही ड्रायव्हरमध्ये शिरलो असतो. त्याऐवजी 'इथटूल' चालवून वेग बघितला. हजारऐवजी शंभर. मग 'आयपी' ला 'एस' लावून मोजदाद काढली. आलेल्या पॅकेटांपुढे चुकलेल्यांचा आकडा, आणि पाहतापाहता तो वाढतोय. दिवा पेटलेला असून आकडा वाढतो, तेव्हा रोग बहुतेक वेळा वायरीतच असतो, फक्त लपलेला.

डोकं डोळ्याजवळ धरलं. पोरांनी रंग सुंदर लावले होते: नारिंगी जोडी, मग हिरवी जोडी, मग निळी जोडी, मग तपकिरी. दोन्ही टोकांना अगदी सारखंच. कुणालाही बरोबर वाटेल, कारण जोडीशेजारी जोडी ठेवणं हाच माणसाचा सरळ विचार. पण या वायरीत तिसरी आणि सहावी तार मिळून एक जोडी होते, चौथी-पाचवी मधे. ही मधली जागा जुन्या टेलिफोनच्या जोडीसाठी राखलेली होती आणि ती तशीच राहिली. पोरांच्या मांडणीत तिसऱ्या जागी हिरवी-पांढरी आणि सहाव्या जागी निळी आली. म्हणजे एका कामाला दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा जुंपल्या.

पोरांना बोलावलं. वायरीतल्या जोड्या पिळलेल्या का असतात, विचारलं. एकानं सांगितलं, "मजबुतीसाठी." नाही. बाहेरून येणारा विजेचा खरखराट पिळामुळं जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो. पलीकडचं कार्ड दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं, म्हणून खरखर आपोआप वजा होते. जोडी फोडली की हा हिशेब मोडतो. "एका जोडीतला बैल काढून दुसऱ्या जोडीतल्याशी जुंपला, तर चालतात दोघंही. पण तास वाकडं जातं." हे मात्र मागच्या बाकापर्यंत पोचलं. आणि टेस्टर? तो बिचारा एवढंच बघतो की पहिली तार पहिलीला, दुसरी दुसरीला मिळते का. पीळ त्याला दिसत नाही.

डोकं मी बसवलं नाही. पोरांकडून बसवून घेतलं. दोन वाया गेली, तिसरं बसलं. वेग हजार, चुकांचा आकडा ढिम्म. हाताने करून शिकायची ही खोड मला पाबळची. आमच्याच शिरूर तालुक्यात डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. मी तिथे वर्षभर राहून ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका केली. तिथं वेल्डिंग, वायरिंग, शेती सगळं हाताखालून जातं. पुढे २००२ मध्ये तिथेच जगातल्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक उभी राहिली. आजही एखादी गोष्ट नुसती फळ्यावर समजावून सांगायची वेळ आली की मला अपराध्यासारखं होतं.

निघताना सरांनी नवीन इमारतीतल्या खोलीपर्यंत वायर ओढायचं विचारलं. मधे मोठा कडुनिंब. मी नाही म्हटलं. अंतर शंभर मीटरच्या आत आहे, त्यामुळे नेट चालेल. पण दोन इमारतींमध्ये तांब्याची वायर उघड्यावरून नेली की पहिल्याच वळवात वीज कडाडते आणि दोन्हीकडचे पोर्ट एकदम जातात. तिथे फायबरच. महाग वाटतं, पण फायबरमधून वीज धावत नाही.

दुपारी १.३०

पारगावजवळ भीमा ओलांडली की शिरूर संपतं, दौंड सुरू. उसाच्या ट्रॅक्टरमागे वीस मिनिटं. केडगावच्या बाजूला गुऱ्हाळांचा वास येतो तिथं थांबून डबा खाल्ला.

खाताना वाघोलीहून एका कॉलेजच्या पोराचा फोन. यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही. विंडोजमध्ये नेट आहे, लिनक्समध्ये गेलं की कार्डाचा दिवासुद्धा पेटत नाही. हे जुनं दुखणं. काही कार्डांना विंडोज बंद होताना झोपवून जातं आणि लिनक्सला ते उठवता येत नाही. "यंत्र बंद कर, पॉवरची वायर भिंतीतून काढ, चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धर, मग पुन्हा लाव. आणि विंडोजमधलं ते फास्ट स्टार्टअप बंद करून टाक." भाकरी संपायच्या आत त्याचा मेसेज आला: झालं. या कामाचे पैसे कसे मागायचे हे मला अजून सुचलेलं नाही.

दुपारी २.३०

केडगाव. सातबारा, दाखले काढून देणारं एक केंद्र. बाहेर बाकावर सहा-सात माणसं, आत चार यंत्रं. दोन चालतात, दोन नाहीत. चालणारी दोन्ही विंडोजवर, बंद दोन्ही मिंटवर. मालकांचा चेहरा असा की पंचनामा करायचीही गरज नाही.

दिवे सगळीकडे पेटलेले. पत्ता पाहिला: १९२.१६८.०.१०५. राउटरला पिंग केलं, उत्तर आलं. म्हणजे सगळं ठीक? पण त्यापुढे जगाला पिंग केलं तर शुकशुकाट. चालणाऱ्या यंत्रावर पत्ता पाहिला: १९२.१६८.१.२३. शून्य आणि एक. घर एकच, आडनावं दोन.

"इथं नवीन काही जोडलंय का?"

"काही नाही." मग जरा थांबून, "पुतण्यानं मोबाइलला वायफाय यावं म्हणून घरचा जुना राउटर लावलाय. पण तो वेगळा."

तो वेगळा नव्हता. त्याची वायर सरळ स्विचमध्ये घुसली होती. अशा राउटरला पत्ते वाटायची सवय असते. आता एका जाळ्यात दोन तलाठी बसले आणि जो आधी हाक देईल त्याचा पत्ता यंत्र घेणार. विंडोजची यंत्रं सकाळपासून चालू होती, त्यांच्याकडे जुनाच पत्ता शाबूत. मिंटची दोन नंतर सुरू झाली आणि नव्या तलाठ्याच्या तावडीत सापडली. त्या राउटरला पुढे नेटच नाही, त्यामुळे तो पत्ता देतो, पिंगला उत्तर देतो आणि तिथेच रस्ता संपतो. खात्री पटावी म्हणून मालकांसमोर विंडोजचं एक यंत्र बंद करून चालू केलं. त्याचंही नेट गेलं. बाकावरून आवाज आला, "आता तेबी घालवलं का?"

जुन्या राउटरचं पत्ते वाटणं बंद केलं, त्याला स्वतःला १९२.१६८.१.२ दिला. चारही यंत्रं चालू, पुतण्याचं वायफायही. मालक म्हणाले, "म्हणजे दोघांचं चुकलं नव्हतं." पुतण्याचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही.

संध्याकाळी ५.००

पाटसवरून दौंड. स्टेशनजवळच्या एका दुकानात हिशेबासाठी नवं यंत्र जोडलंय, पेन ड्राइव्हवरून मिंट टाकलंय, नेट नाही. दिवाही नाही. पिवळी वायर लावली, तरी नाही. 'आयपी लिंक' मारलं तर यादीत कार्डच नाही, फक्त यंत्राचा स्वतःशी बोलण्याचा 'एलओ'. 'एलएसपीसीआय' मध्ये मात्र कार्डाचं नाव व्यवस्थित. म्हणजे चिप बोर्डावर बसलेली आहे, पण तिच्याशी बोलणारा ड्रायव्हर या कर्नलमध्ये नाही. बोर्ड नवा, माझ्या पेन ड्राइव्हमधलं मिंट जुनं.

हा दोष लिनक्सच्या बाजूचा, आणि त्याहून जास्त माझा. ड्रायव्हर आणायला नेट हवं, नेटला ड्रायव्हर हवा. मोबाइल युएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं. ते लिनक्स लगेच ओळखतं. त्यावरून नवा कर्नल उतरवला, यंत्र पुन्हा सुरू केलं आणि दिवा पेटला. तास गेला, माझा दीड जीबी डेटा गेला. दुकानदाराने काही विचारायच्या आत मीच सांगितलं की चूक माझी. घरी जाऊन पेन ड्राइव्ह नवा भरायचा, हे हातावर पेनने लिहून ठेवलं.

रात्री ८.२०

परत येताना पारगावच्या पुलानंतर गाडी कुठे थांबवत नाही. दोन्हीकडे ऊस, आणि या पट्ट्यात बिबट्या ही ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. फोन तीनदा वाजला. न्हावऱ्याच्या उजेडात येऊन पाहिला: शिपाईकाका.

"सर, दोन नंबरच्या यंत्राचं गेलंय. पर मी वाकून बघितलं. दिवा हाये. हिरवा पक्का, नारिंगी लुकलुकतोय."

एवढं ऐकून मी फोनवर तीन गोष्टी करायला सांगितल्या आणि दुसरीतच काम झालं.

तुम्हीही मला किंवा तुमच्याकडच्या कुणालाही फोन करण्याआधी एकदा मागं वाकून तेवढं बघून ठेवा: दिवा आहे की नाही, आणि असला तर कोणता.