रोवलेला दात सांभाळा

दात पडला, की कवळी बसवतात. हे आपल्याला ठाऊक आहे. पण आणखीही एक उपाय आहे. जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू बसवतात. डॉक्टर त्याला इम्प्लांट म्हणतात. काही महिन्यांत हाड त्याला घट्ट धरते. मग त्यावर नवा दात चढवतात. स्वीडन देशातील डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली असे स्क्रू पहिल्यांदा एका रोग्याला बसवले. आता ते आपल्याकडेही बसवतात.

कोणी म्हणेल, "हा तर धातूचा दात! त्याला कीड कशी लागणार?"

खरे आहे. त्याला कीड लागत नाही. पण जमिनीत रोवलेली मेढ आठवा. मेढ मजबूत असते. पण बुडाची माती वाहून गेली, तर ती उभी राहील का? या दाताचेही तसेच आहे. हिरडी आणि हाड ही त्याची माती.

दात नीट घासला नाही, तर त्याच्या बुडाशी जंतूंचा चिकट थर जमतो. हिरडी खऱ्या दाताला जशी घट्ट धरते, तशी स्क्रूला धरत नाही. त्यामुळे जंतू आत उतरतात. हिरडी सुजते. घासताना रक्त येते. पुढे पू येतो. हाड झिजू लागते.

यात मोठा धोका असा, की पुष्कळदा हे दुखतच नाही! माणूस गप्प बसतो. शेवटी दात हलतो.

म्हणून रक्त दिसताच दंतवैद्याकडे जा. नुसती हिरडी सुजली असेल, तर ते जंतूंचा थर खरवडून काढतात. मग हिरडी बरी होते. हाड झिजले असेल, तर हिरडी उघडून स्क्रू साफ करावा लागतो. गेलेले हाड सहसा पुरते भरून येत नाही. फारच झिजले, तर स्क्रू काढावा लागतो. नुसत्या गोळ्या घेऊन भागत नाही. थर तसाच राहिला, की रोग पुन्हा उलटतो.

घरी काय कराल? सकाळी व रात्री मऊ ब्रशने बुडापर्यंत घासा. मशेरी लावू नका. विडी-सिगारेट सोडा. मधुमेह असेल, तर साखर आटोक्यात ठेवा. डॉक्टर सांगतील तेव्हा दात दाखवून या. दुखेपर्यंत थांबू नका.

बुडाची माती सांभाळा, म्हणजे मेढ टिकेल.