बोलका नकाशा व त्यांतील रिकामी जागा

भूगोलाच्या तासास भिंतीवर टांगलेला नकाशा आपणां सर्वांस परिचित आहे. त्यावर घोड व भीमा या नद्या दिसतात, शिरूर व दौंड हीं गांवें दिसतात. परंतु या पाण्यांत कोणते मासे आहेत व भोंवतालच्या माळांवर कोणते प्राणी हिंडतात, असें विचारल्यास तो मुका राहतो. इंटरनेटवर मात्र हल्लीं असे नकाशे आहेत कीं, प्रश्न विचारतांच ते बोलूं लागतात. पक्ष्यांकरितां 'ईबर्ड' हा अमेरिकेंत २००२ सालीं सुरू झाला. सर्व जीवांकरितां 'आयनॅचरॅलिस्ट' व आपल्या देशांतील 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल' हे दोन्ही २००८ सालचे.

या नकाशांवरील प्रत्येक ठिपका म्हणजे एक साक्ष होय. त्यावर बोट ठेवलें असतां कोणता जीव, कोठें, केव्हां व कोणीं पाहिला, या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळतात. जात, महिना किंवा वर्ष निवडून ठिपके वेंचतांही येतात. रोहित पक्षी निवडून एकेक महिना पाहत गेल्यास, दौंडपलीकडील भिगवणच्या जलाशयावर ते कधीं येतात व कधीं जातात, हें घरबसल्या उमगतें. या साक्षींचें मोल लहान नाहीं. ३०,००० हून अधिक निरीक्षकांच्या सुमारें ३ कोटि नोंदींवरून २०२३ सालीं भारतांतील ९४२ जातींच्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तयार झाला.

साक्ष मात्र खरी असावी लागते. शिरूर सुमारें १८.८ उत्तर अक्षांश व ७४.४ पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आंकडे कोणीं उलटे लिहिले, तर घोडनदीचा मासा उत्तरेकडील हिमसागरांत, नॉर्वेच्या बेअर बेटानजीक जाऊन पडेल! नकाशा बिचारा सांगितलें तेंच दाखवितो.

याहून मोठी चूक वाचणाऱ्याची असते. ठिपका नाहीं, म्हणून तेथें जीव नाहीं, असें तो समजतो. वास्तविक जेथें पाहणारे अधिक, तेथें ठिपके अधिक. दौंडच्या नैर्ऋत्येस सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ सालीं स्थापन झालेलें हें ५ चौरस किलोमीटरांहून थोडेंसेंच मोठें क्षेत्र चिंकाऱ्यांकरितां प्रसिद्ध असल्यानें तेथें पाहुणे जातात व नोंदी होतात. परंतु चिंकारा कुंपण पाहून चालत नाहीं. बाहेरच्या अनाम माळावर तो हिंडला, आणि कोणीं लिहिलें नाहीं, तर नकाशावर ती जागा रिकामी राहते; आणि रिकाम्या जागेस 'पडीक' म्हणावयास माणसास वेळ लागत नाहीं.

येथें एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. साइक्स नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें दख्खनच्या माशांचें वर्णन १८३९ सालीं लंडन येथें प्रसिद्ध केलें. 'मसुल्ला' या जातीचें त्याचें वर्णन शिरूरच्या घोड नदींतील माशाचें आहे. शास्त्रीय नांवें ठेवितांना त्यानें शिंगटी, शिंगाळा, कोळस अशीं येथील लोकांच्या तोंडचींच नांवें घेतलीं, व तीं आजही जगभर चालतात. तीं त्यास कोठल्या ग्रंथांत सांपडलीं नसावीं. नदींत जाळें टाकणाऱ्यांनींच सांगितलीं असावीं. पवित्र शास्त्रांत आदामानें प्राण्यांस नांवें दिलीं, असें आहे. आमच्या नद्यांतील माशांचीं नांवें आमच्याच भोई बांधवांनीं राखिलीं, याचा आम्हांस अभिमान वाटावा.

म्हणून विद्यार्थ्यांनीं सुटींत नदीकांठीं वडील मंडळींसह जावें, कोळ्याभोयांस माशाचें नांव आदरानें विचारावें, छायाचित्र घ्यावें आणि स्थळ व तारीख नीट लिहावी. ओळख पटत नसेल तर तसेंच नमूद करावें. जाणते लोक ती पटवितात. मात्र घरट्याचा किंवा गुहेचा नेमका पत्ता उघड करूं नये. दुर्मिळ जीवांचीं स्थळें हे नकाशेही मुद्दाम अंधुक दाखवितात, कारण शिकाऱ्यासही नकाशा वाचतां येतो. पालकांनीं मोबाईल मुलांच्या हातीं द्यावयाचाच असेल, तर एखाद्या रविवारीं तो या कामीं द्यावा. देवानें निर्मिलेली सृष्टि आमच्या दाराशीं आहे. तिची साक्ष परक्यानें येऊन द्यावी, याची वाट आम्हीं कां पाहावी?