ख्रिस्टोफर हूड आणि शीर्षकातलं प्रश्नचिन्ह

एखाद्या संशोधकाचा प्रभाव किती, असं विचारलं की आपण लगेच एच-इंडेक्स बघतो. आता हूड यांचंच घ्या. १९९१ साली 'पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन' या जर्नलमध्ये त्यांचा 'अ पब्लिक मॅनेजमेंट फॉर ऑल सीझन्स?' हा पेपर आला. सरकारी कारभार खासगी कंपनीसारखा चालवायचा, कामगिरी मोजायची, स्पर्धा आणायची, या लाटेची ७ सूत्रं त्यांनी त्यात मांडली आणि 'न्यू पब्लिक मॅनेजमेंट' हे नाव रूढ झालं. सायटेशन्स हजारोंनी मिळाली. पण गंमत बघा, हूड या लाटेचे प्रचारक नव्हतेच. शीर्षकातलं प्रश्नचिन्ह उगाच नाहीये! सायटेशनच्या आकड्यात हे कुठे दिसतं?

मला त्यांचं नंतरचं काम जास्त मोलाचं वाटतं. २०१५ च्या पुस्तकात रूथ डिक्सन यांच्यासोबत त्यांनी ब्रिटनची ३० वर्षांची आकडेवारी तपासली. कारभार खरंच स्वस्त झाला का, सुधारला का? तर खर्च वाढला होता, आणि तक्रारीही. बरं, मधल्या काळात सरकारी आकड्यांच्या व्याख्याच बदलत गेलेल्या, त्यामुळे साधी तुलना करणंही किचकट. ते त्यांनी कसं जुळवलं, ते तुमचं मेथडॉलॉजीचं प्रकरण लिहायला घेण्याआधी वाचाच.